उपनगरांच्या जन्मकथा (भाग ५) : भातशेतीवरचं वांद्रे

मागच्या भागातल्या दादर-माटुंग्याची आखणी आधी कागदावर झाली आणि वस्ती नंतर आली. वांद्र्याचं नेमकं उलट. इथे रानवार, पाली, शेर्ली, राजन अशी गावं पूर्वीपासून नांदत होती, किनाऱ्याला चिंबईचा कोळीवाडा होता आणि मधल्या सखल जमिनीत भात पिकत होता. उपनगर आलं ते या शेतांवर.

१८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्याआधी खाडी होडीनेच ओलांडावी लागे. या कामासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या पदरचे दीड लाखांहून अधिक रुपये दिले. पुढे रेल्वे आली, १८७६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. पण वांद्र्याकडे माणसांचा खरा ओघ वळवला तो १८९६च्या प्लेगने. दाटीवाटीच्या शहरातून ऐपतदार मंडळी मोकळ्या हवेकडे निघाली. साथ गावांतही शिरली. तिच्यापासून रक्षण व्हावं म्हणून गावकऱ्यांनी उभारलेले क्रूस आजही गल्ल्यांच्या तोंडाशी दिसतात.

हे गावकरी म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. घरची बोली मात्र मराठीच. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायचं, ही त्यांची रीत. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, डझनावारी जिन्नसांसह कुटायच्या आणि तो मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे वर्षभर उजेड-दमट हवेपासून त्याचा वास टिकतो. चिंबईत बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंवर उन्हात टांगलेले असत.

याच शेजारात शंभर वर्षांपूर्वी प्लॉट पडू लागले. १९१५च्या नगररचना कायद्याने शेतांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची फेरमांडणी करून रस्ते काढण्याची सोय झाली. १९१८ साली सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. एकट्याच्या आवाक्याबाहेरचा बंगला सभासद होऊन बांधता येतो, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं वांद्र्याला आलं. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावली. फोर्टातल्या कचेरीत काम करायचं आणि संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्यावर बसायचं, हे आता नोकरदाराला रोज साधू लागलं.

या वाढीचं कौतुक करताना शेतकऱ्याचा हिशेबही मांडायला हवा. शेत विकून हाती पैसे आले, पण घरचा तांदूळ गेला. गावाची घरं राहिली; ज्या शिवारावर ती जगत होती, ते मात्र रस्त्यांत आणि बंगल्यांत वाटलं गेलं. रानवारच्या लाकडी जिन्यांच्या, कौलारू घरांकडे पाहताना हे विसरणं अन्यायाचं ठरेल.

पुढच्या भागात जुहू : कैदेतून सुटलेले गांधीजी १९२४ मध्ये विश्रांतीसाठी तिथे राहिले तेव्हाचा किनारा, आणि चारच वर्षांत तिथे झालेला विमानतळ.