सोसायटीतले खत, लेखांक ६ : फोर्क घ्यावा तर मान बघून

मागच्या लेखांकात ओल्या कचऱ्यात सुका पाला किती मिसळावा ते पाहिले. त्या प्रमाणात नीट रचलेला ढीगही नुसता पडून राहिला तर आठवड्याभरात आतून बसतो. मग वास सुटतो आणि सगळा दोष खताच्या कल्पनेलाच दिला जातो. वडाळ्यासारख्या दाट वस्तीत हे महागात पडते, कारण इथे खताचा हौद आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी यांच्यात फार अंतर नसते. दोन-चार तक्रारींत चांगले चाललेले काम बंद पडू शकते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्य तोवर आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेने दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांकडे त्यासाठी तगादा लावला. तेव्हापासून सोसायट्यांच्या सभांमध्ये हौद, ड्रम, यंत्रे, जिवाणूंची पावडर यांवर पुष्कळ बोलले जाते. ढीग कशाने परतायचा, हा प्रश्न मात्र कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. माझे म्हणणे असे, की खत होते की कुजके होते हे बरेचसे परतण्यावर ठरते, परतणे हत्यारावर अवलंबून असते आणि हत्यार किती वर्षे चालेल हे त्याच्या मानेवर.

आधी परतण्याचे. खत करणारे जिवाणू हवेवर जगतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असते, त्यामुळे तो आपल्याच भाराने दबतो आणि मधली हवा निघून जाते. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू जोर धरतात, आणि नाकाला झोंबणारी आम्ले व वायू त्यांचेच. ढीग परतला की हवा आत जाते, कडेचा थंड भाग मध्ये येतो, मधली ऊब ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते आणि त्या उष्णतेत रोगजंतू व तणांचे बी मरते. हे आजचे शोध नव्हेत. अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह इंदूरच्या संस्थेत शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची जी पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, तिच्यात तीन महिन्यांत ढीग तीनदा परतायचा असतो: साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. तो शेतातला कचरा होता, बराचसा सुका. आपला ओलसर कचरा आणि जून ते सप्टेंबरात पडणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस लक्षात घेता वडाळ्यात आठवड्यातून एकदा परतणे भाग आहे.

हे काम सहसा फावड्यावर सोपवले जाते, कारण फावडे आणि घमेले प्रत्येक आवारात असते. फावडे मोकळी रेती, खडी, माती ओढायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण खताच्या ढिगात भाज्यांचे देठ, बदामाची रुंद पाने, शहाळ्याचा काथ्या, हारांचे दोरे एकमेकांत गुंतलेले असतात. आषाढी एकादशीला विठ्ठल मंदिरात वाहिलेल्या तुळशीच्या माळा आठवाव्यात, म्हणजे गुंता कसा असतो ते कळेल. फावड्याचे पाते या गुंत्यात शिरत नाही. ते वरचा थर खरवडते, ओला भाग थापते, आणि ज्या तळाला हवेची सर्वांत जास्त गरज तो तसाच राहतो. फोर्क म्हणजे दांड्याला लांब दात असलेले हत्यार. त्याचे दात गुंत्यात घुसतात, अख्खा लगदा उचलतात, आणि झटका दिला की तो सुटा होऊन पडतो. पडताना हवा घेऊनच पडतो. गांडुळेही पात्याखाली तुटतात तितकी दातांखाली तुटत नाहीत.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुदळ-फावड्यानेच शेणखत उपसले, शेते खणली. मग हे परदेशी हत्यार कशाला? कुदळ आपल्याकडे रुजली त्याला कारण आहे. ती वरून मारायची असते, तिला पायाचा जोर लागत नाही, म्हणून ती अनवाणी माणसाच्या हातीही चालते. फोर्क पायाने दाबायचा, आणि तो बूट घालणाऱ्या देशांत घडला. पण वडाळ्याची जमीन काळीची नाही. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा-वडाळ्याच्या वसाहती आखल्या तेव्हा सखल भागात भराव घातला गेला, आणि पूर्वेकडे तर मिठागरे व खाजण. आजच्या आवारांत वीतभर मातीखाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे लागतात. शिवाय झाडांची मुळे आणि पाण्याचे नळही तिथेच. कुदळीचा घाव यांतले काय तोडेल सांगता येत नाही. फोर्कचे दात विटांच्या फटींतून वाट काढतात, आणि अडले तर हाताला आधी कळते. खत जमिनीत मिसळण्याच्या कामालाही म्हणून फोर्कच बरा. नवी पक्की जमीन फोडायची असेल तर कुदळ हवीच, तिची जागा फोर्क घेत नाही.

आता हत्याराची निवड. दुकानात गेलेला माणूस प्रथम दात मोजतो आणि रंग बघतो. बघायची गोष्ट वेगळी आहे. फोर्क जमिनीत रोवून दांडा मागे ओढला की तो तरफ होतो. मूठ जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर असेल आणि तिथे २० किलोंचा जोर लावला, तर दात जिथे एकत्र येऊन दांड्याला मिळतात त्या मानेपाशी जो मोडता ताण येतो तो २५ सेंटिमीटर अंतरावर ६० किलो लटकवल्याइतका. सगळे बळ या एका जागी गोळा होते. म्हणून मोडलेले फोर्क पाहिले तर ते बहुधा मानेत तुटलेले किंवा दातांच्या मुळाशी वाकलेले दिसतात. टोके मात्र शाबूत असतात.

हाच हिशोब दातांना लावू. चारही दातांवर भार सारखा वाटला गेला, तरी ८ मिलिमीटर जाडीचा साध्या मऊ लोखंडाचा चौकोनी दात वर सांगितलेल्या ओढीला कायमचा वाकतो; १० मिलिमीटरचा जेमतेम तग धरतो. दोन मिलिमीटरने एवढा फरक पडतो, कारण ताकद जाडीच्या घनाने वाढते आणि १० चा दात ८ च्या जवळजवळ दुप्पट भार पेलतो. चौकोनी दात तेवढ्याच जाडीच्या गोल दातापेक्षा सुमारे १.७ पट भार घेतो, आणि त्याला लोखंड सव्वापटच जास्त लागते. पण खरी परीक्षा तेव्हा, जेव्हा चारांपैकी एकच दात विटेखाली अडकतो. त्या क्षणी साऱ्या ओढीचा भार त्याच्या एकट्यावर येतो, आणि मऊ लोखंडाचा १० मिलिमीटरचा दातही वाकतो. वाकून परत सरळ होण्याचा गुण फक्त पाणी दिलेल्या पोलादात असतो. लोहाराने भट्टीत तापवून, विझवून, पुन्हा बेताने शेकून पाणी चढवलेल्या दाताला ही लवचीकता येते. ज्या लोखंडात कार्बन पुरेसा नाही त्याला कितीही पाणी दिले तरी ती येत नाही. म्हणून पत्र्यातून कापून वाकवलेले आणि सळईचे तुकडे वेल्डिंगने जोडलेले फोर्क स्वस्त असले तरी घेऊ नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचे पाणी उतरते, आणि सांधा असतो नेमका मानेपाशी. दात आणि मान एकाच लोखंडातून घडीव असावेत.

दुकानात तपासणी सोपी आहे. टोके फरशीवर टेकवून दांड्यावर वजन टाकावे. दात किंचित लवून पूर्ववत झाले पाहिजेत. चारही टोके एका रेषेत आहेत का ते डोळा लावून पाहावे. दांडा ज्या नळीत बसतो ती निदान वीतभर लांब असावी आणि तिला दोन आरपार रिव्हेट असावेत. आखूड नळी आणि एकच स्क्रू असेल तर तो फोर्क परत ठेवावा. दांडा लाकडी घ्यावा, बाभळीचा मिळाला तर उत्तम, आणि त्याची शीर लांबीच्या दिशेने सरळ जाणारी हवी. लोखंडी नळीचा दांडा अतूट वाटतो, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत तो आतून गंजतो आणि एक दिवस सूचना न देता जातो. लाकूड तडकताना आवाज करते, आणि मोडले तर सुतार नवे बसवून देतो. स्टेनलेस स्टीलचा मोह समजण्यासारखा आहे, कारण खताच्या आम्लपाण्याने साधे पोलाद लवकर तांबते. तरीही त्याच किमतीत मिळणारे स्टेनलेस दात बहुधा पातळ असतात. धुऊन, पुसून जवसाच्या तेलाचा हात फिरवला तर साधे घडीव पोलाद वर्षानुवर्षे चालते.

आणखी दोन आक्षेप. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धतीत परतण्याचे काम काढूनच टाकले, मग आपण का परतायचे? त्यांचे काम मोठे आहे, विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कमी शेणात भरपूर खत त्यांनी मिळवून दिले. पण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौदाच्या विटांच्या भिंतींत ठेवलेली भोके तिथे हवा पुरवतात, आणि आत बहुतेक सुका काडीकचरा व चाळलेली माती असते. वडाळ्याच्या आवारात रोज भरला जाणारा ओला हौद त्या शिस्तीत बसत नाही. दुसरा आक्षेप यंत्रांचा. कचरा कुटून त्यात भुसा मिसळून देणारे यंत्र काही मिनिटांत जे बाहेर टाकते ते खत नसते, खताचा कच्चा माल असतो. तो आणखी दहा-पंधरा दिवस मुरवावा लागतो, आणि मुरताना परतावाच लागतो.

शेवटी तो हातात धरणाऱ्या माणसाचा विचार, जो खरेदीच्या वेळी सर्वांत कमी होतो. एक घनमीटर ढीग म्हणजे सुमारे ५०० किलो. दर खेपेला तीन-चार किलो उचलले तर सव्वाशे ते एकशे पासष्ट खेपा होतात. फोर्क एक किलोने जड असेल तर प्रत्येक परतणीला तितकेच किलो फुकट उचलले जातात. त्यामुळे भक्कम म्हणजे जाडजूड असे समजू नये. घडीव फोर्क पत्र्याच्या ओबडधोबड फोर्कपेक्षा हलका असूनही बळकट असू शकतो. हे काम अनेक सोसायट्यांत सफाईचे काम करणाऱ्या बायका करतात. उंच माणसासाठी बनवलेला दांडा पाच फुटांच्या बाईला खांद्यात भरतो, आणि फार आखूड दांडा कोणाचीही कंबर धरतो. फोर्क उभा धरल्यावर मूठ साधारण कंबरेच्या वर, कोपराच्या खाली यावी. दोन फोर्क घेण्याची ऐपत असेल तर दुसरा लांब दांड्याचा, वाकड्या बारीक दातांचा, फक्त ढिगासाठी घ्यावा. एकच घ्यायचा असेल तर चार चौकोनी दातांचा खोदायचा फोर्क घ्यावा. तो दोन्ही कामे करतो, वाकड्या दातांचा खणू शकत नाही.

आणि त्याच बिलात गमबुटांची एक जोडी घालावी. चपलेतल्या पायाने फोर्क दाबायला सांगणे म्हणजे पायाच्या बोटांशेजारी चार अणकुचीदार दात ठेवणे, आणि खताने माखलेल्या दाताची जखम धनुर्वाताला आमंत्रण देणारी असते. समितीच्या सभासदांना एवढीच विनंती, की फोर्क खरेदीला जाताना जी व्यक्ती तो रोज चालवणार आहे तिला बरोबर न्या, तिच्या हातात देऊन पाहा, आणि तिने हो म्हटल्यावरच पैसे द्या.