गाडी तापली तर घाई नको

वैशाखातले ऊन कसे असते, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला तरी कोणाला नवल वाटत नाही. आणि नेमकी लग्नसराई याच दिवसांत! घरची जीप किंवा मोटार माणसांनी आणि गाठोड्यांनी गच्च भरते, आणि भर दुपारी दर्यापूरहून अकोल्याला किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघते. वाटेत मागच्या बाकावरून कोणी म्हणते, "अहो, कसला तरी गोडसर वास येतो आहे." समोर पाहावे तर काटा लाल खुणेवर, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ!

अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. शेदोनशे रुपयांच्या नळीवर निभावेल, की सारे इंजिन खोलावे लागेल, हे तिथेच ठरते. म्हणून ही माहिती चालवणाऱ्यालाच नव्हे, तर घरातल्या सर्वांना असावी.

आधी काय करावे?

काटा नुसता वर चढू लागला असेल, तर एअर कंडिशनर बंद करावा आणि वेग कमी करावा. गाडीत हिटर असेल, तर तो पुरता उघडून काचा खाली कराव्यात. भर उन्हात हिटर लावणे वेडेपणाचे वाटेल, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. "अकोला आता पाचच मैल राहिले" असे म्हणून गाडी पुढे रेटू नये.

माणसे उतरवून सावलीला बसवावीत. मात्र रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, आणि ते पाणी उकळत्या कारंज्यासारखे तोंडावर, हातावर उडते. निदान पाऊण तास थांबावे. वरची रबरी नळी हाताने निवांत धरता आली, म्हणजे इंजिन निवले असे समजावे. मग जाड ओले फडके घेऊन झाकण थोडेसेच फिरवावे, उरला दाब जाऊ द्यावा आणि नंतर ते काढावे.

तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. तापलेल्या तव्यावर पाणी पडले की काय होते, ते गृहिणींना ठाऊक आहे. तसेच हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते चालू करावे आणि पाणी थोडे थोडे घालावे.

दुखणे कोठे आहे?

गाडी केव्हा तापते हे नीट पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते.

बाजारात, रेल्वे फाटकावर उभी असताना तापते, पण रस्त्याला लागली की निवते, तर दोष बहुधा पंख्याचा. धावताना वाऱ्याने काम भागते, उभे असताना पंख्यावाचून भागत नाही. विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज आणि तार पाहावी. हा पंखा कधी कधी इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, म्हणून तिथे हात घालू नये.

उलट, उभी असताना ठीक, पण घाटात किंवा लांब रस्त्यावर ओझ्याने तापते, तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाचे रबर चिरले असेल, तर दाब टिकत नाही, आणि खाली धडधाकट वाटणारी गाडी घाटात उकळते.

काटा चढला आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर पट्टा पाहावा. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप आणि डायनामो एकाच पट्ट्यावर चालतात.

वरची नळी चटका देणारी आणि खालची गारच, तर थर्मोस्टॅट अडकला असावा. ही पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते. ती काढून दोरीने टांगावी आणि जुन्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून तापवावी. पाणी उकळायला लागले तरी उघडली नाही, तर ती बाद. काही मिस्त्री "आपल्याकडे याची गरजच नाही" म्हणून ती कायमची काढून टाकतात. तसे करू देऊ नये. इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त खाते, झीज वाढते. काही इंजिनांत तर झडप नसली की पाणी रेडिएटर टाळून परस्पर फिरते, आणि गाडी उलट जास्त तापते.

आणि पाणी गळताना कोठेच दिसत नाही, तरी रोज कमी होते, धूर पांढरा येतो, ऑइल दुधाळ चहासारखे दिसते, तर हेड गॅस्केट गेले असावे. मग गाडी चालवू नये. ओढून न्यावी लागली तरी ते स्वस्त पडेल.

खारपाणपट्ट्यातले खरे कारण

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्या माहितीचा आहे. जे पाणी पिकाला सोसत नाही, ते इंजिनाला कसे सोसेल? अंघोळीचे पाणी तापवण्याच्या हंड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि खार नव्या गाड्यांतले अ‍ॅल्युमिनियम खातो. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर १९९४ पर्यंत शकुंतला वाफेच्या इंजिनावर धावत होती. तिथे पाणी उकळणे हेच काम होते. तरी बॉयलरमधला थर हे त्या इंजिनांचेही जुने दुखणेच.

म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी नेहमी घालू नये. अडचणीच्या वेळी घालावेच लागले, तर गावी पोचताच ते काढून टाकावे आणि आत स्वच्छ पाणी फिरवावे. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते, पण ते बॅटरीचे अ‍ॅसिड नव्हे याची खात्री करावी. त्यात कंपनीने सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सांडले तर धुऊन टाकावे, डबा मुलांच्या आणि जनावरांच्या वाऱ्यालाही ठेवू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

सोयाबीन आणि तुरीच्या मळणीत ट्रॅक्टरची जाळी कुटाराने बुजते. हवाच मिळाली नाही तर पाणी भरून काय उपयोग? दर दोनतीन तासांनी इंजिन बंद करून जाळी झाडावी. रेडिएटर धुताना पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेने मारावे. जोराच्या धारेने पातळ पात्या वाकतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो. वर्षभर ओझे वाहिलेल्या मुक्या जनावराची ती दखल असते. तशीच दखल पाडव्याच्या सुमारास गाडीची घ्यावी. पाणी, पट्टा, नळ्या, झाकण आणि पंखा, ही पाच ठिकाणे पाहायला अर्धा तास पुरतो. मग लग्नाची मंडळी मुहूर्ताला पोचतील, आणि आजीला भर उन्हात बाभळीच्या सावलीत ताटकळत बसावे लागणार नाही.