पेंढा, लोणचं आणि धंद्याची शाळा

पानिपतला गेलेला मराठी माणूस काला आंबच्या स्मारकापाशी थांबतो, १७६१ आठवून हळहळतो आणि परतीची गाडी धरतो. त्याच जिल्ह्यात रिफायनरीजवळ पुण्याची एक खूण आहे, ती सहसा कोणी पाहत नाही. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा घ्यायचा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा आराखडा; म्हणजे टनामागे १५० लिटर.

एवढा पेंढा गोळा कोण करणार? भात कापल्यापासून गहू पेरेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती जेमतेम तीन आठवडे असतात. तेवढ्यात बेलरने गाठी बांधायच्या, ट्रॉल्या भरायच्या, ओलावा तपासायचा, मग आगीपासून जपत महिनोन्‌महिने रचून ठेवायच्या. शिवाय शेतात काडी लावण्यापेक्षा गाठ विकणं परवडेल असा भाव द्यायचा. बियाण्यातला तज्ज्ञ किंवा रसायनांचा इंजिनिअर इथे एकटा पुरा पडत नाही. शेत आणि कारखाना या दोन्हींचा हिशोब कळणारा माणूस लागतो.

अशी माणसं घडवण्याचं काम दिल्लीहून पानिपतला जाणाऱ्या जीटी रोडवर, दिल्लीची हद्द ओलांडताच सुरू झालं आहे. सोनिपत जिल्ह्यातल्या कुंडलीच्या औद्योगिक वसाहतीत केंद्राच्या अन्नप्रक्रिया मंत्रालयाची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता आणि व्यवस्थापन संस्था आहे. एवढं नाव कोणी घेत नाही. सगळे ‘निफ्टेम’ म्हणतात. २०१२ मध्ये इथे वर्ग भरू लागले, तेव्हा हे मंत्रालय शरद पवारांकडे होतं.

अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्था देशात आधीही होत्या. फरक हा, की इथे बी.टेक.च्या शेजारीच अन्न व कृषी व्यवसायाचं एमबीए आहे. जेईई मेन देऊन आलेली मुलं आणि ताळेबंद वाचायला शिकणारी मुलं एकाच आवारात वावरतात. नवउद्योजकांसाठी इन्क्युबेशन केंद्र आहे, छोट्या प्रमाणावर प्रक्रिया करून पाहायला पथदर्शी यंत्रशाळा आहेत.

पण या संस्थेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तिच्या आवाराबाहेर घडते. गावदत्तक कार्यक्रमात विद्यार्थ्यांची तुकडी प्राध्यापकांसह गावात मुक्कामाला जाते. पिकतं काय, सडतं किती, दलाल काय देतो, हे तिथे समोरच दिसतं.

जुलै २०२१ मध्ये संसदेने निफ्टेमला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा देणारं विधेयक मंजूर केलं. त्या वेळी सिंघू-कुंडलीच्या रस्त्यावर आंदोलक शेतकऱ्यांचे तंबू होते. माल कोणी, कुठे आणि कोणत्या भावाने घ्यायचा, यावरूनच ते आठ महिने तिथे बसले होते. शेतमालाच्या धंद्यावरचा इतका जिवंत धडा कुठल्याही अभ्यासक्रमात सापडला नसता.

संस्थेचं दुसरं काम पदवीपलीकडचं. जून २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पंतप्रधानांच्या नावाची १०,००० कोटींची योजना आली. उद्दिष्ट २ लाख उद्योगांचं. एका उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान. तिच्या प्रशिक्षणाची धुरा कुंडली आणि तंजावर इथल्या संस्थांवर सोपवण्यात आली. पानिपतचं पचरंगा लोणचं प्रसिद्ध आहे. पण घरची चव बाटलीत भरून दुकानात ठेवायची, तर परवाना, लेबल, टिकाऊपणाची चाचणी आणि बँकेची फाइल हे सगळं निस्तरावं लागतं. पापड-लोणची करणाऱ्या बचत गटांचं घोडं महाराष्ट्रातही बहुधा इथेच अडतं. चवीत ते क्वचितच कमी पडतात.

उद्योजकता हा शब्द निफ्टेमच्या नावातच आहे, तेव्हा तिला मापायचं तेही त्याच फुटपट्टीने. शिकून निघालेल्या मुलाला बड्या कंपनीचा ठरलेला पगार खुणावणारच, त्यात गैर काही नाही. मात्र पेंढ्याच्या गाठींचा डेपो उभारायला किंवा लोणच्याच्या छोट्या कारखान्याचे हिशोब सांभाळायला त्यातले किती जण वळतात, हे प्लेसमेंटच्या तक्त्यावरून कळणार नाही. ते विचारायला पुन्हा त्या दत्तक गावांतच जावं लागेल.