विश्लेषण : मैदानात गुणवान, मैदानाबाहेर बेशिस्त... खेळाडू का भरकटतात?

विरारहून भाईंदर, मीरा रोड ओलांडत लोकलने वांद्र्याला सरावासाठी जाणारा मुलगा १८व्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक झळकावतो आणि पंचविशी गाठण्याआधीच मुंबईच्या रणजी संघातूनही वगळला जातो. पृथ्वी शॉच्या या प्रवासामुळे जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला आहे. गुणवान खेळाडू मैदानाबाहेर का हरतात आणि त्यांना सावरण्याची जबाबदारी कोणाची?

पृथ्वीची घसरण कशी झाली?

नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत पृथ्वीने ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. पुढच्या वर्षी उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून ते द्रव्य नकळत शरीरात गेल्याचा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला होता. डिसेंबर २०२० मधील ॲडलेड कसोटी ही त्याची आतापर्यंतची पाचवी आणि शेवटची. धावा मात्र आटल्या नव्हत्या. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने ३७९ धावांची खेळी केली. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला वगळले आणि पुढच्याच महिन्यात आयपीएल लिलावात कोणीही त्याच्यावर बोली लावली नाही.

दोष फक्त खेळाडूचाच का?

आपला मोठा वाटा पृथ्वीने स्वतःच मान्य केला आहे. चुकीची संगत धरली, सराव कमी केला, असे त्याने २०२५ मध्ये मुलाखतीत सांगितले. मात्र व्यवस्थेची बाजूही लंगडी आहे. रणजी संघातून वगळताना अधिकृत कारण दिले गेले नाही. तंदुरुस्ती आणि शिस्तीच्या तक्रारी आधी बातम्यांतून आणि नंतर नाव न सांगणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या तोंडून बाहेर आल्या. आरोप जाहीर नाही, शिक्षेला मुदत नाही. मग परत येण्यासाठी नेमके काय करायचे, हे खेळाडूला कळणार कसे?

अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये काय होते?

तेथील एनबीए या व्यावसायिक लीगमध्येही अशी उदाहरणे भरपूर आहेत. मेम्फिस संघाचा जा मोरँट समाजमाध्यमावर बंदूक दाखवताना दिसला. मार्च २०२३ मध्ये त्याला आठ सामन्यांची शिक्षा झाली. तोच प्रकार पुन्हा घडल्यावर २५ सामन्यांची बंदी आली आणि या काळातील मानधनही बुडाले. परतल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने ३४ गुण करून शेवटच्या क्षणी संघाला जिंकून दिले. प्रत्येक जण असा सावरतोच, असे नाही. वॉशिंग्टनच्या गिल्बर्ट अरिनासने २००९ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये बंदुका आणल्या. उरलेल्या हंगामासाठी तो निलंबित झाला आणि पुन्हा पूर्वीच्या उंचीवर कधीच पोहोचला नाही. तरी तिथे शिक्षा किती आणि कशासाठी, हे सर्वांना ठाऊक असते. शिवाय १९८६ पासून लीगमध्ये येणाऱ्या नवोदितांसाठी पैसा, प्रसिद्धी आणि संगत कशी सांभाळावी, याचे प्रशिक्षण दिले जाते.

भारतात असे कधी घडले आहे का?

घडले आहे. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमातील आक्षेपार्ह वक्तव्यांमुळे हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत बोलावण्यात आले. पुढे लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोठावला आणि प्रकरण संपले. दोघेही नंतर भारताचे कर्णधार झाले. चूक, चौकशी, शिक्षा आणि पुनरागमन असा स्पष्ट क्रम तेव्हा होता.

विनोद कांबळीच्या काळात हे काहीच नव्हते. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके करणारा हा डावखुरा १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने १,०८४ धावा करून वयाच्या तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटबाहेर गेला. उसळत्या चेंडूंपुढील अडचण होतीच. पण मैदानाबाहेरच्या आयुष्याला आवर घालायला कोणी नव्हते. मद्याच्या व्यसनाबद्दल तो नंतर उघडपणे बोलला.

पुढे काय करता येईल?

मीरा-भाईंदर ते विरार या पट्ट्यातून आजही किट बॅग सांभाळत मुले पहाटेची लोकल पकडतात. बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत घर, शाळा आणि प्रशिक्षक त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. करार झाला, पैसा आला की हीच माणसे मागे पडतात आणि चुका पोटात घालणारे भोवती जमतात. फलंदाजीच्या प्रशिक्षकाइतकाच समुपदेशक आणि आर्थिक सल्लागार गरजेचा आहे, तोही पहिल्या करारापासून. शिस्तभंगाची शिक्षा लेखी, मुदतीची आणि परतीच्या अटींसह हवी.

पृथ्वीने २०२५ मध्ये महाराष्ट्र संघाची वाट धरली आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध रणजी सामन्यात २२२ धावा केल्या. बॅट त्याला अजून साथ देते आहे. उरलेले अर्धे काम मात्र तिच्या हातात नाही.