तात्या विंचूला भ्यावं की हसावं?

मैत्रिणींनो, 'झपाटलेला' टीव्हीवर कितव्यांदाही लागो, कणीक अर्धवट मळून आपण लेकरांसोबत बसतोच की! सिनेमा १९९३ चा. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'ची. महेश कोठारे यांनी ती मराठी खेड्यात आणली आणि भयपटाची पार टर उडवली. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू अन् समोर बोबडी वळलेला लक्ष्मीकांत बेर्डे!

कोठारे मूळचे बालकलाकार, शिक्षण वकिलीचं. १९८५ मध्ये 'धूमधडाका'पासून दिग्दर्शनात आले. तोही एका तमिळ सिनेमावरून घेतलेला, पण हसू अस्सल मराठी. पुढं 'थरथराट'चा टकल्या हैवान, 'धडाकेबाज'चा कवट्या महाकाळ. हिंदी सिनेमातल्या अक्राळविक्राळ खलनायकांची ही नक्कलच. विनोदी सिनेमा म्हटलं की द्वयर्थी संवादांची धास्ती असायची. कोठारेंच्या सिनेमाला सासू-सुना शेजारी बसू शकल्या. नायिका मात्र बहुतेकदा गाण्यापुरत्याच, ही माझी तक्रार आहे. 'झपाटलेला'त मधू कांबीकरांची आई तेवढी लक्षात राहते.

आमच्या हिमायतनगरकडे, खरं तर सगळ्या मराठवाड्यातच, भानामतीचं भय जुनं. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या की बोट जातं एखाद्या एकट्या बाईकडं. 'झपाटलेला २' थ्रीडीत आला तो जून २०१३ मध्ये. लक्ष्मीकांत २००४ मध्येच गेले होते, म्हणून लक्ष्याच्या मुलाची गोष्ट. ती भूमिका आदिनाथ कोठारेंची. त्याच ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणीच्या संशयावरून बाईला मारहाण केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बैठकीत नुसतं कलम सांगितलं की बाया पदर तोंडाला लावून गप्प. म्हणून मी तात्या विंचूपासून सुरुवात करते. सिनेमात मंत्र चालतो, हे मला खटकतंच. पण हसता हसता तोंडं उघडतात. परवा एक म्हातारी म्हणाली, "मंतरानं बाहुला उठतो का कुठं, बाई?"

मागून तिची सून बोलली, "मग सासूबाई, लिंबानं म्हैस कशी आटंल?"

म्हातारी चपापली. मग म्हणाली, "म्हशीचं येगळं असतंय."

पुढच्या बैठकीत म्हशीवरच बोलायचं ठरलंय. गुरांच्या डॉक्टरांनाही बोलावलंय.