समुद्रातल्या गोगलगाईचे पाणी

पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय दिसली, की पोरं तिच्यावर चिमूटभर मीठ टाकतात. तिच्या अंगातून पाणी सुटते. ती आकसते आणि मरते बिचारी. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना? तसेच हे. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते.

मग समुद्रात गोगलगाईचे भाऊबंद कसे जगतात? तिथे तर सगळे खारेच पाणी! पण त्यांच्या अंगातले पाणीही तितकेच खारट असते. आत-बाहेर मीठ सारखे, म्हणून पाणी कुठेच ओढ घेत नाही.

खरी अडचण येते ती पावसात. किनाऱ्याच्या डबक्यात पाऊस कोसळला, की तिथले पाणी अळणी होते. आता मीठ आत जास्त. पाणी अंगात शिरते आणि प्राणी फुगू लागतो. आपल्या कोकणच्या खाडीतल्या तिसऱ्या अशा वेळी शिंपले घट्ट मिटून घेतात. दार लावले, काम झाले! पण ज्याला दारच नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असा एक मऊ प्राणी आहे. डोक्यावर सशाच्या कानांसारखी शिंगे, म्हणून त्याला समुद्री ससा म्हणतात. त्याच्या पोटातल्या मज्जातंतूंच्या गाठीत एक मोठी पेशी असते. शास्त्रज्ञ तिला आर-१५ म्हणतात. ही पेशी रक्तात एक रस सोडते. अशा रसाला हार्मोन म्हणतात. १९७६ साली दोन शास्त्रज्ञांनी या पेशीचा अर्क काढून समुद्री सशांना टोचला. दीड तासात त्यांचे वजन वाढले. अंगात पाणी साठले होते!

आपल्या अंगातही असा एक रस आहे. तो निराळा, पण कामाला सारखाच. उन्हात नांगर धरला, घाम गेला, की मेंदूतून तो रस सुटतो. मग मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. म्हणून तर त्या दिवशी लघवी थोडी आणि पिवळी होते. तांब्याभर पाणी प्यायलं, की रस कमी होतो आणि लघवी पुन्हा साफ होते.

आता त्या डबक्याकडे वळू. समुद्री सशाच्या कल्ल्याजवळ एक लहानसे इंद्रिय असते. ते पाण्याची चव घेते म्हणा ना! त्याला अळणी पाणी लागले, की ती मोठी पेशी गप्प होते. रस थांबला, की आणखी पाणी धरून ठेवण्याचा निरोपही थांबतो. पुढे भरती येते, डबके पुन्हा खारे होते आणि पेशी आपल्या कामाला लागते.