अतिजड मूलद्रव्ये कशी घडवतात?

अणुक्रमांक १०४ पासून पुढची मूलद्रव्ये निसर्गात सापडत नाहीत. ती दोन अणुकेंद्रकांच्या संलयनातून घडवावी लागतात. हलके केंद्रक त्वरकात प्रकाशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या वेगाने जड लक्ष्यावर आदळवतात. वेग कमी पडला तर विद्युत प्रतिकर्षण ओलांडता येत नाही, जास्त झाला तर जुळलेले केंद्रक तापून विखंडन पावते.

शिसे किंवा बिस्मथ लक्ष्य असेल तर त्याला शीत संलयन म्हणतात (सामान्य तापमानाला संलयन घडवल्याच्या १९८९ मधील गाजलेल्या दाव्याशी याचा संबंध नाही). जपानच्या रिकेन संस्थेने बिस्मथवर जस्ताचा मारा करून ११३ वे निहोनियम मिळवले. २००४ ते २०१२ या काळात हाती लागले अवघे तीन अणू!

त्यापुढची मजल रशियातील दुबना येथे कॅल्शियम-४८ ने मारली. २० प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन या दोन्ही केंद्रकाला विशेष स्थैर्य देणाऱ्या ‘जादुई संख्या’, शिवाय न्यूट्रॉनांची मुबलकता, म्हणून हा समस्थानिक आदर्श ठरला. नैसर्गिक कॅल्शियममध्ये तो जेमतेम ०.२ टक्के असतो, त्यामुळे अतिशय महाग. खरी कसरत मात्र लक्ष्याची. ११७ व्या टेनेसीनसाठी अमेरिकेतील ओक रिज येथे २२ मिलिग्रॅम बर्केलियम तयार झाले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३३० दिवस, म्हणजे घाई अटळ. कॅलिफोर्नियम वापरून ११८ वे ओगॅनेसॉन मिळाले.

कॅलिफोर्नियमपलीकडे पुरेसे लक्ष्यद्रव्यच उपलब्ध नाही. म्हणून प्रक्षेप्य, म्हणजे आदळवायचे हलके केंद्रक, बदलावे लागते: त्याची चाचणी म्हणून २०२४ मध्ये बर्कलीत टायटॅनियम-५० आणि प्लुटोनियमपासून आधीच माहीत असलेल्या ११६ व्या लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवले गेले. पुढचे उद्दिष्ट १२० वे मूलद्रव्य आहे.